बावीस हात राज्याच्या तळीं पाणी शिरलें, त्याची हकीकत

दर्याचा धनी वरुण, आणि त्याच्या पाठीवर तरंगणारें जें जें लाकूड, लोखंड, प्लास्टिक, त्या सर्वांस आधीं नमस्कार. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं खाडीच्या मुखाशीं धक्क्याच्या दक्षिण अंगास एक राज्य होतें, त्याची लांबी बावीस हात आणि रुंदी सात हात, तक्त म्हणावें तर सुकाणूमागील फाटकी खुर्ची, आणि छत्र म्हणावें तर निळी ताडपत्री. लोक त्यास जुनी मोटरबोट म्हणत; म्हणोत बापडे. राज्याचे धनी राजश्री भिवाजी तांडेल, वय वर्षें अडुसष्ट, चाळीस वर्षें परक्याच्या होड्या हांकून थकले आणि मग आयुष्याची शिल्लक मोडून हें राज्य, कोणी आधीं वापरून टाकिलेलें, विकत घेते जाहले. घेण्याचें कारण एकच, तें पत्नी आवडाबाई. बाईसाहेबांनीं जन्मभर मासळीची पाटी डोईवर वाहिली, खाऱ्या पाण्यानें पायांस भेगा पडल्या, आणि गोडें पाणी म्हणजे विहिरीवरून आणिलेली कळशी, इतकेंच ठाऊक. या राज्यांत मात्र मागले अंगास नळ होता. नळ सोडिला कीं फळ्यांखालचा लहान पंप गुरगुरे आणि टाकींतलें गोडें पाणी येई. नळ आवळिला कीं पंप गप्प. बाईसाहेबांनीं पहिलेच दिवशीं नळाखालीं दोन्ही पाय धरिले आणि पुष्कळ वेळ धरून बोलिल्या, "चाळीस वरसांचं मीठ निघालं हो." ऐसें सुख दोन महिने जाहलें, आणि मग ज्वर आला, आणि गेले वर्षीं आषाढांत बाईसाहेब गेल्या. तेव्हांपासून राज्यांत राजा एक आणि प्रजा शून्य. राजे त्या नळास हात लावीत ना, आपल्यापुरतें पाणी कळशींतून पीत, परंतु टाकी मात्र दर आठवड्यास उघडून पाहात आणि भरलेली ठेवीत. कशासाठीं, हें कोणी पुसलें नाहीं, कारण पुसणारें माणूसच उरलें नव्हतें.

मग मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, दोन प्रहरीं, राजे खुर्चीवर बसून जाळें सांधीत होते, तों पाठीमागें पंप गुरगुरला. दहा आंकडे मोजावे इतका वेळ गुरगुरला आणि थांबला. राजे वळले. नळ बंद, नळाखालची फळी कोरडी ठणठणीत, माणूस नाहीं. मग पाव घटकेनें पुन्हा गुरगुरला, आणि पुन्हा, आणि राजांच्या हातची सुई तशीच राहिली. दुसरे दिवशीं टाकी उघडून पाहिली तों चार कळश्या पाणी कमी. राजांनीं चार कळश्या आणून ओतिल्या आणि कोणास बोलिले नाहींत. तिसरे दिवशीं पुन्हा चार ओतिल्या. चौथे दिवशीं पंप वाजला तेव्हां जाळ्यावरची नजर न उचलतां म्हणाले, "दमानं घे. पाणी भरपूर हाय." आणि त्या दिवशीं राजे दोन घांस अधिक जेवले, हें आम्ही खरें लिहितों.

इतक्यांत राज्यावर दुसरें संकट आलें. तळीं पाणी शिरलें. तळचें पाणी बाहेर फेंकणारा मोठा पंप वेगळा होता, तो रात्रंदिवस उपसा करी, त्यानें बॅटरी बसे, आणि सकाळीं पाहावें तों पाणी फळ्यांस लागलेलें आणि राज्याचें बूड खालीं गेलेलें. बंदराचे अंमलदार धक्क्यावरून पाहते जाहले आणि त्यांणीं निरोप धाडिला कीं, आठ दिवसांत तळ कोरडा करा, नाहीं तर बुडण्याआधीं ओढून काढूं आणि मोडींत घालूं. घर गेलें तर भाड्याची खोली मिळते, परंतु बाईसाहेबांचे पाय लागलेली फळी दुसरी कोठून आणावी?

मग राजांनीं दर्याशीं युद्ध मांडिलें. प्रथम मागल्या दांड्यावर चालून गेले, जेथें पंख्याचा दांडा तळांतून बाहेर जातो, आणि तेथील नट ऐसा आवळिला कीं दांडा फिरेना, मग थोडा सैल केला. पाणी तैसेंच. मग इंजिन थंड करणारें खारें पाणी जेथून आंत येतें ती तोटी बंद केली आणि तिची जाळी उघडिली, तों आंत दुधाची पिशवी निघाली; पिशवीस शिव्या दिधल्या, पाणी तैसेंच. मग उपसा करणारा पंपच खोलिला, त्यांत नारळाचा काथ्या गुंतला होता तो काढिला, आणि बाहेर जाणारा पाइप हातभर उंच बांधिला, कीं दर्याचें पाणी उलट न यावें. ऐसे सहा दिवस गेले, कंबर मोडली, बोटें सोलवटलीं, आणि पाणी तैसेंच. आणि या सहा दिवसांत राजे टाकी भरावयास एकदाही चुकले नाहींत.

सातवे दिवशीं नाइलाज होऊन राजांनीं कासम मिस्त्री यांस बोलाविलें. कासम मिस्त्री म्हणजे पलीकडच्या मोहल्ल्यांतले, पंपांचे नामांकित वैद्य, तरुणपणीं राजांच्याच हाताखालीं होडीवर होते. ते आले, हत्यारांची पेटी खालीं ठेविली, आणि पेटी उघडण्याआधीं तळीं बोट बुडवून जिभेस लाविलें. तळचें पाणी आधीं चाखावें, खारें कीं गोडें तें पाहावें, मग हत्यार धरावें, हा तांडेलांचा पहिला पाठ. कासम तो राजांपाशींच शिकले होते, आणि त्यांच्यासारखे आणखी तीस जण शिकले होते. कासम यांणीं बोट पुन्हा बुडविलें आणि पुन्हा चाखिलें.

"तांडेल, हे समुद्राचं नाय. गोडं हाय."

राजांनीं तळच्या पाण्याकडे पाहिलें, बोट मात्र बुडविलें नाहीं.

"तुमी चाखलं नव्हतं?"

मग कासम टाकीपाशीं गेले, आणि भरलेली टाकी पाहिली, आणि पाणी किती लागतें तें विचारिलें. राजे म्हणाले, दिवसास चार कळश्या. कासम यांणीं नळाकडे पाहिलें, त्याच्या तोंडावर कोळ्यानें जाळें विणलें होतें. मग हळूच विचारिलें, "आणि वापरतं कोण?"

राजे खुर्चीवर बसले, आणि जाळ्याची एक गांठ उगाच सोडूं लागले, आणि ती सुटेना तेव्हां म्हणाले, "मला वाटलं, ती वापरते."

कासम मिस्त्री टाकीपासून मागें आले. राजांशेजारीं पेटीवर बसले, बिडी काढिली, पेटविली नाहीं, आणि खाडीकडे पाहात राहिले. मग फळी उचलून आंत उतरले. लहान पंपापासून नळाकडे जाणारा पाइप, त्याचा सांधा आवळून धरणारी लोखंडी कडी, जीस पकड म्हणतात, ती गंजून तुटली होती. तेथून पाणी झिरपे, दाब उतरे, पंपास वाटे नळ सोडिला, म्हणून तो वाजे, आणि गोडें पाणी तळीं जाई, आणि मोठा पंप तें दर्यास देई. कासम यांणीं नवी पकड हातीं घेतली आणि आंतूनच विचारिलें, "आवळू ना, तांडेल?" आतां न आवळावी तर राज्य मोडींत जातें, आणि आवळावी तर दोन प्रहरचा तो आवाज जातो. राजांनीं हातचें जाळें खालीं ठेविलें. मग म्हणाले, "आवळ."

आठवे दिवशीं अंमलदार आले, तळ कोरडा पाहिला, शाबासी देऊन गेले. त्यानंतर पंप वाजला नाहीं. राजे दोन प्रहरीं खुर्चीवर बसत, हातांत जाळें घेत, आणि कान मागें ठेवीत. टाकी उघडून पाहात, ती कांठोकांठ, एक बोटही उतरली नाहीं. ऐसे अकरा दिवस गेले, आणि ते दिवस फार वाईट गेले, त्याचें वर्णन आमच्यानें होत नाहीं. बाराव्या दिवशीं राजे उठले, नळाच्या तोंडचें जाळें बोटानें काढिलें, धोतर गुडघ्यापर्यंत ओढिलें, आणि नळ सोडिला. पंप गुरगुरला. पाणी आधीं तांबडें आलें, मग स्वच्छ आलें. राजांनीं त्याखालीं आपले दोन्ही पाय धरिले आणि पुष्कळ वेळ धरून रडले.

येणेंप्रमाणें राज्य वांचलें, इतकें लिहून लेखणी खालीं ठेवितों. तळ कोरडा आहे, बॅटरी भरलेली आहे, प्रजा अद्याप शून्य. टाकी दर आठवड्यास चार बोटें उतरते, आणि तें पाणी कोण वापरतें, हें आतां राजांस ठाऊक आहे.