अठ्ठावीस नगांची सहल

एका रात्रीच्या मुक्कामाला चार माणसांना किती चमचे लागतात, यावरून घरात बुधवारपासून दोन तट पडले होते. बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा धाकटा यांचं म्हणणं, चार. भांडारपालांचं म्हणणं, चोवीस.

"अहो, चार तोंडं आहेत आपली," बायको म्हणाली.

"चमचे पडतात, हरवतात, त्यांना माती लागते. रानात नळ नसतो."

"आहे की. तंबूंच्या तळाच्या फोटोत दिसतोय."

"फोटोतल्या नळाला पाणी आलेलं मी अजून पाहिलेलं नाही!"

भांडारपाल पंप बनवणाऱ्या कारखान्यात होते. अठरा वर्षांत त्यांच्या सहीशिवाय भांडारातून एक वॉशर बाहेर गेला नव्हता, आणि ही गोष्ट ते लढाई मारल्याच्या थाटात सांगत. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची. यादी करणारी आणि फुकट जाणारी. तळ्याकाठी तंबूत राहायची कल्पना खरं तर मुलीची. दोन वर्षं मागे लागून तिने ती मंजूर करून घेतली. मात्र मंजुरी मिळाल्या क्षणी सहल तिच्या हातातून गेली आणि वडिलांच्या वहीत जाऊन बसली.

शनिवारी सकाळी बाहेरच्या खोलीत अठ्ठावीस नग रांगेने उभे होते. प्रत्येकाला चिठ्ठी. नग सात, दोऱ्या जाड. नग आठ, दोऱ्या बारीक. नग सोळामध्ये इस्त्री होती.

"तंबूत इस्त्री?" बायकोने विचारलं.

"गुंडाळून ठेवलेला तंबू चुरगळतो," भांडारपाल म्हणाले. मग तिथे वीज नसणार हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते घाईने नग सतराकडे वळले.

गाडी लहान होती. सात वाजता भरायला घेतली, ती नऊला भरून झाली. टपावर चार नग बांधले, डिकी गुडघ्याने रेटून लावली, मागची सीट छतापर्यंत गेली. पुढच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन पट्टा लावून बसले. चालकाची जागा तेवढी उरली.

"बाबा, आम्ही कुठे बसायचं?" मुलीने विचारलं.

भांडारपालांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. काय कमी करता येईल याचा त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला, आणि विचार करता करता त्यांची नजर धाकट्यावर येऊन थांबली. धाकटा आईच्या मागे सरकला.

"असं करतो," ते म्हणाले, "आधी सामान पोचवतो, मग तुम्हाला न्यायला येतो. दोन तासांचं तर काम!"

तळावरच्या पहारेकऱ्याने सामान उतरवू दिलं, पण भांडारपाल गाडीकडे वळताच तो आडवा आला.

"साहेब, सामान असं टाकून जाता यायचं नाही. इथे कुत्री फार."

"तुम्ही लक्ष ठेवा ना जरा."

"मी फाटकावर असतो. सामानापाशी सामानाचा माणूस पाहिजे."

हेच वाक्य भांडारपालांनी स्वतः कारखान्यात शेकडो लोकांच्या तोंडावर मारलं होतं. ते मुकाट्याने एका पेटीवर बसले आणि घरी फोन लावला.

"अगं, तुम्ही बसनेच या."

"बरं. दाराचं कुलूप कुठाय?"

"नग अकरा," भांडारपाल चटकन म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे... इथे आहे."

"पोरीचे बूट?"

"नग नऊ."

"दुसरा जोड असेल ना तिचा!"

"तोही नऊमध्येच. राखीव म्हणून घेतला."

"माझा चष्मा सापडत नाहीये सकाळपासून."

"नग बावीस. काचसामान. कापसात गुंडाळलाय, काळजी नको."

"अहो, घरात ठेवलंय तरी काय तुम्ही?"

"यादीत नव्हतं ते."

"म्हणजे आम्ही," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तेवढ्यात एक तरुण जोडपं घुटमळत आलं. त्यांना डबा फोडायची चावी हवी होती.

"घरून निघताना डोकं बरोबर घेतलं होतं का?" भांडारपालांनी विचारलं. जोडपं ओशाळून हसलं. त्यांना पाच मिनिटं झापून, यादीचं महत्त्व पटवून, वहीच्या मागच्या पानावर सही घेऊन भांडारपालांनी चावी दिली. मग एकाला काड्यापेटी हवी होती. एका बाईंना सुईदोरा. एका प्राध्यापकांना तर चक्क चमचे.

"किती?"

"सहा मिळतील का?"

"आठ घ्या," भांडारपाल म्हणाले. "पडतात."

दुपारपर्यंत पेटीचं टेबल झालं आणि टेबलासमोर रांग लागली. कारखान्यातले लोक सामान नेताना तोंडातल्या तोंडात शिव्या देत. इथे लोक बोलणी खाऊन वर म्हणत होते, "साहेब, तुम्ही होतात म्हणून बरं!" असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांची छाती अशी फुगली, की घरच्यांना यायला उशीर होतोय हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

चार वाजता घरचे पोचले. शेजारणीकडून कुलूप मागून आणलं होतं. दोन बसा बदलल्या होत्या, त्यांतली एक चुकीची, कारण पाटी वाचायला आईकडे चष्मा नव्हता आणि मुलीचं सगळं लक्ष पायांकडे होतं. मुलीच्या पायात आईच्या चपला सुतळीने बांधलेल्या होत्या. फाटकाच्या आत आल्यावर बायकोला धूसर असं एक टेबल आणि त्यापुढे रांग दिसली. तळाचं ऑफिस असेल, असं समजून पुढच्यांच्या पाठींखेरीज काही न दिसणाऱ्या दोन्ही पोरांना घेऊन ती रांगेत उभी राहिली. पाऊण तास.

"काय हवंय?" भांडारपालांनी वहीतून मान वर न करता विचारलं.

आवाज ओळखून बायको पुढे वाकली.

"नवरा," ती म्हणाली. "शिल्लक असला तर."

मागच्या रांगेत हशा पिकला. भांडारपाल धडपडत उठले. "अगं, तुम्ही? बसा, बसा! त्या पेटीवर नको, ती द्यायची आहे."

"बाबा, आपला तंबू कुठाय?" मुलीने विचारलं. तळ्याकडे, झाडांकडे, तिने अजून कशाकडेच पाहिलं नव्हतं.

भांडारपालांनी पान उलटलं आणि ओळींवरून बोट फिरवलं.

"नग एक. अडीच वाजता दिला."

"दिला? कुणाला?"

"होतं एक कुटुंब. नवरा, बायको, दोन मुलं. सगळं आणलं आणि तंबूच घरी विसरून आले. काय म्हणावं अशा लोकांना!"

बायकोने वही त्यांच्या हातातून काढून घेतली आणि डोळ्यांना टेकेल इतकी जवळ धरली.

"परत कधी देणार आहेत?"

"उद्या सकाळी दहाला," भांडारपाल म्हणाले. "घाबरू नकोस. सही घेतलीय."