रजईची फाळणी

ही गोष्ट नेमकी कोणत्या हिवाळ्यातली, हे मला खात्रीने सांगता येत नाही. मी म्हणतो, मी रिटायर झालो त्या वर्षीची. आमची हेमलता म्हणते, त्याच्या पुढच्या वर्षीची. (ती म्हणते तेच बरोबर असणार. मला माझ्या लग्नाचं वर्षसुद्धा तिला विचारूनच सांगावं लागतं.) थंडी मात्र होती, आणि ती देवपुरातली थंडी होती. पांझरा नदीवरून वारा निघतो तो आमच्या खिडकीच्या फटीचा पत्ता विचारतच येतो. आम्ही दोघं संध्याकाळीच जेवून, माकडटोपी आणि शाल यांच्या मदतीने रजईत शिरायचो. ती मोठी, दोघांची रजई हेमलताच्या माहेरची. भडगावला त्यांच्या शेतात कपाशी असे. तिच्या आईने लग्नात त्याच कापसाची भरून दिलेली.

आता, मी उष्णतावहन या विषयात पीएच.डी. केली आहे. आयुष्यभर कॉलेजात तेच शिकवलं. पण स्वतःच्या घरात उबेला बसायची वेळ आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन माणसांवर एक रजई हे शास्त्राच्या दृष्टीने अत्यंत गैर आहे. दोघांच्या मधे एक बोगदा तयार होतो. एकाने कूस बदलली की रजई भात्यासारखी वर होते आणि बोगद्यातून गार हवा आत येते. हेमलता कुडकुडायची. मग मला काळजी वाटायची, की हिला सर्दी होईल, सर्दीचा खोकला होईल, खोकल्याचं आणखी काही होईल. त्या काळजीने मी कूस बदलायचो. की पुन्हा भाता!

उपाय सोपा होता. रजईचे दोन भाग करायचे. एक तिला, एक मला.

ती जळगावला लेकीकडे गेली होती तेव्हा मी रजई रिक्षात घालून कय्युमच्या दुकानी नेली. कय्युम कापूस पिंजून गाद्या-रजया भरतो आणि त्याची बायको जमीला टाके घालते. त्याने रजई उलटीपालटी करून पाहिली.

"दोन करायच्या? मधून फाडून?"

"हो."

"सर, बाईंना इचारलं का?"

"सरप्राइज आहे."

कय्युमने जमीलाकडे पाहिलं, जमीलाने छताकडे पाहिलं. मला वाटलं, ती माझ्या कल्पनेचा विचार करते आहे. (तशी करतच असणार.)

हेमलता यायच्या दिवशी कय्युम सायकलवर दोन रजया बांधून घेऊन आला. शेजारच्या मंदाबाई फाटकात उभ्या होत्या.

"सर, पाहुणे येणार का?"

"नाही हो. एक माझी, एक हिची. एकत्र जमत नव्हतं."

"अगंबाई! आता? या वयात?"

"खरं तर आधीच करायला हवं होतं. नोकरी होती तोवर विचार करायला वेळ मिळाला नाही."

"बाईंना माहीत आहे?"

"छे. घरी आली की कळेलच."

मंदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या. थंडीने दात दुखत असतील असं मला वाटलं. मी त्यांना लवंगेचं तेल लावायला सांगणार होतो.

हेमलता आली. पलंगावर दोन रजया पाहिल्या. मी बोगदा, भाता, हवेचा प्रवाह, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत."

बस, एवढंच. ज्यांचा संसार झाला आहे त्यांना हे दोन शब्द किती थंड असतात ते ठाऊक आहे. मग तिने आपल्या वाटणीची रजई उचलली आणि हॉलमधल्या दिवाणावर जाऊन झोपली. म्हणजे माझ्या हिशेबाने दोघंही उबेत होतो. फक्त मला अजिबात झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात उन्हाला बसलो होतो. फाटकाशी जीप थांबली. त्यातून माझा मेहुणा सुकदेव उतरला, मागून त्यांच्या भावकीतले वयस्कर पुना आबा. सुकदेवच्या हातात वांग्यांची पिशवी होती. (खान्देशी माणूस मोडता संसार सावरायला निघाला तरी रिकाम्या हाताने येत नाही.) मंदाबाईंनी फोन केला होता, हे मला नंतर कळलं.

"दाजी," सुकदेव पिशवी खाली न ठेवताच म्हणाला, "आमनी अक्कानं काय चुकनं?"

"काही नाही. का?"

"मग घरमा बठ्ठं ठीक शे ना?"

"सगळं ठीक आहे. फक्त हवा आत येत होती."

सुकदेव पुना आबांकडे पाहू लागला. मी पेपरच्या कोपऱ्यावर आकृती काढली: हा मी, ही हेमलता, हा बोगदा. बाण काढून हवेचा मार्ग दाखवला. आबांनी चष्मा पुसून आकृती नीट पाहिली.

"सर," ते म्हणाले, "हवा येते, पटलं. पण ही हवा इतकी वर्षं कुठे गेली होती?"

मी आकृतीत आणखी एक बाण काढला.

"रजई माहेरची," सुकदेव म्हणाला. "आईनं स्वतः निवडेल कापूस. ती फाडी टाकी तुम्ही?"

तेवढ्यात हेमलता चहा घेऊन बाहेर आली. "सुकदेव, रजईचं काही नाही रे. कापड जुनं झालंच होतं."

"मग तू हॉलमधे का..." मी म्हटलं.

ट्रे खाली ठेवून ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "रात्री यांना काळजी लागली की हे तळमळतात. तोंडाने सांगत नाहीत. पण रजई हलते. रजई हलली की मला कळतं, आणि मी विचारते, काय झालं. आता रजई वेगळी. मला कळणार कसं?"

सुकदेव वांग्यांकडे पाहत बसला. मला आठवलं, की माझ्या प्रमोशनच्या वेळी, लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी, बायोप्सीच्या रिपोर्टच्या वेळी अंधारात तो प्रश्न आला होता, आणि दर वेळी मी "काही नाही" म्हणून मग अर्धा तास बोललो होतो. हिला जाग कशी येते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. (उष्णतेवर लक्ष होतं.)

पुना आबा उठले. "सर, वांगी भाजेपर्यंत ती रजई जोडायला टाकून या. भरीत आम्ही करतो."

भरीत होईस्तोवर हेमलता आणि मी दोन्ही अर्धुकं घेऊन कय्युमकडे गेलो. त्याने दोन्ही उतरवून घेतली. जमीला हेमलताला आत घेऊन गेली आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत हसत होत्या. मला बाहेरून फक्त हसू ऐकू येत होतं. माझ्यावरच असणार, मी त्याला आक्षेप घेतला नाही.

रजई जोडून आली. मधे एक जाड शिवण, बाकी पूर्वीसारखी. आम्ही पुन्हा एका बोगद्यात राहू लागलो. पण एक नवीनच गोष्ट घडली: मला थंडी वाजू लागली. मी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, डॉक्टर म्हणाले वय. झोपेत मी उबेकडे सरकत सरकत शिवण ओलांडायचो आणि सकाळी हेमलताच्या अगदी जवळ सापडायचो. मला त्याचं फार अप्रूप वाटे. सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधे मी एकदा भाषणच केलं, की वय वाढतं तसं प्रेम गाढ होतं, मी स्वतःचा अनुभव सांगतो. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कित्येक वर्षांनी, मागच्या दिवाळीनंतर, कापूस पुन्हा पिंजायला कय्युमने आमच्याच अंगणात रजई उसवली. एका बाजूचा कापूस डोंगराएवढा निघाला. दुसऱ्या बाजूचा, म्हणजे माझ्या बाजूचा, झोपलेल्या मांजराएवढा.

"कय्युम, हे काय?"

त्याने आणि जमीलाने एकदम हेमलताकडे पाहिलं.

"अहो, त्या दिवशी जोडताना मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "यांचा निम्मा कापूस काढून माझ्या बाजूला भरा म्हणून. थंडी मला वाजायची. तुमच्याकडे तर डॉक्टरेट होती."

जमीलाने मान हलवून दुजोरा दिला. तेव्हा ही गोष्ट आता पक्की आहे.

"सर," कय्युम मला विचारू लागला, "यंदा दोन्ही बाजू सारख्या भरू?"

मी तोंड उघडायच्या आत हेमलता म्हणाली, "आहे तशीच भरा. शिवण ओलांडायची सवय झाली आहे त्यांना."