सरांचा विषय हार्ड

कंपास सरांनी गठ्ठ्यातली सातवी वही बंद केली आणि लाल पेन टेबलावर ठेवून दिलं. नववी ‘ब’च्या भूमितीच्या वह्या तपासताना त्यांना मागची पानं उलटून बघायची सवय होती. मुलांचं खरं मन तिथेच सांडलेलं असतं, असं त्यांचं मत. आज सात वह्यांच्या मागच्या पानांवर सात वेगवेगळ्या अक्षरांत एकच वाक्य सांडलं होतं : ‘सरांचा विषय हार्ड.’ एकीने तर त्याला चौकट करून खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

अठ्ठावीस वर्षं हा माणूस भूमिती शिकवत होता. हातात खडू घेऊन एका दमात फळ्यावर वर्तुळ काढायचं आणि मग मोठा लाकडी कंपास लावून ते केसभरही चुकलेलं नाही हे दाखवायचं, यावरून मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. सरांना ते मनातून आवडायचं. भूमिती सोपी करून सांगावी तर आपणच, हा त्यांचा एकुलता एक गर्व. त्याचाच असा निकाल लागलेला बघून त्यांना कानकोंडं झालं.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“पोरांना माझा विषय जड जातोय. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही.”

“मला तरी तुमचं बोलणं कधी सोपं गेलंय?” ती म्हणाली. “मी सांगितलं का?”

सरांनी सातही वह्यांत त्या वाक्याखाली लाल पेनाने लिहिलं, ‘मान्य. सुधारणा करतो.’ आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी खातरजमा करायची म्हणून एक वही भाषेच्या बाईंपुढे धरली. बाईंनी चष्मा वर सरकवून वाक्य दोनदा वाचलं.

“‘हार्ड’च्या जागी ‘कठीण’ हवं,” त्या म्हणाल्या. “आणि शेवटी ‘आहे’ राहिलंय. बाकी शुद्ध आहे.”

म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. सरांनी कंबर कसली. हाताने वर्तुळ काढणं बंद केलं. पोरं त्यानेच दबत असतील, नाही का? मधूनमधून सांगायच्या गमतीही बंद केल्या, कारण गमतीत मुद्दा हरवतो. एकेक पायरी चार-चार वेळा, हळूहळू, तान्ह्या बाळाला भरवावं तशी ते सांगू लागले. वर्ग चिडीचूप झाला. पूर्वी तास संपला तरी पोरं फळ्यापाशी घोटाळायची, आता घंटा वाजण्याआधीच दप्तरं आवरलेली असायची. समजतंय म्हणूनच प्रश्न येत नाहीत, अशी सरांनी स्वतःची समजूत घातली.

आठवड्याने जिन्यावरून उतरताना खालून दोन मुलांचं बोलणं कानावर आलं.

“आता सरांचा विषय हार्ड नाही राहिला यार.”

“हो ना. पार गेला.”

सरांना इतकं हलकं वाटलं की उरलेल्या पायऱ्या ते जवळजवळ धावतच उतरले.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण अपराध कबूल केल्याशिवाय धुतला जात नाही, असल्या मताचे ते गृहस्थ. शनिवारी पालकांची सभा होती. तिथे ते आपणहून उठले आणि म्हणाले, “तुमच्या मुलांना माझा विषय हार्ड गेला. दोष माझा आहे. मी शरमिंदा झालोय.”

पालकांत कुजबुज झाली. एका आईने हात वर केला. “आमची तर रोज जेवताना हेच सांगते. सरांचा विषय हार्ड, सरांचा विषय हार्ड. मला वाटलं, अभ्यास टाळायला सांगतेय.”

“आमचा पण,” मागून एक वडील म्हणाले. “मित्राला फोनवर सांगत होता. मी स्वतः ऐकलंय.”

एकामागून एक अकरा पालकांनी साक्ष दिली. सर खाली मान घालून उभे. मुख्याध्यापिकांनी घाईघाईने सभा आवरली. सोमवारी सकाळी सरांनी त्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला : ‘माझा विषय विद्यार्थ्यांना कठीण जात असल्याने नववी ‘ब’चा वर्ग माझ्याकडून काढून घ्यावा.’ मुख्याध्यापिकाबाईंना वाईट वाटलं, पण अकरा पालकांपुढे त्या तरी काय करणार? मंगळवारपासून तो तास विज्ञानाच्या नव्या शिक्षकांकडे गेला.

मंगळवारी मधल्या सुट्टीत वर्गाची मॉनिटर शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे रडून सुजले होते.

“सर, आमचं काय चुकलं?”

“तुमचं काही नाही बाळ. माझंच चुकलं. तुम्हीच लिहिलं होतं ना, विषय हार्ड म्हणून?”

“हो. आणि तुम्ही खाली ‘सुधारणा करतो’ लिहिलंत. आम्हाला वाटलं, तुम्ही रागावलात.”

“रागावेन कशाला? कठीण तर कठीण.”

ती बघतच राहिली. मग एकदम तिचा हात तोंडावर गेला.

“सर, तसं नाही. विषय हार्ड म्हणजे… भारी. म्हणजे नादच करायचा नाही. परवा खो-खोमध्ये आमच्या एकीने एकटीने सहा जणींना बाद केलं, तेव्हा आम्ही म्हणालो, हिचा विषय हार्ड. तिला कुठला विषय आलाय शिकवायला?”

“म्हणजे मी जिन्यावर ऐकलं… हार्ड राहिला नाही…”

“ते खरंय, सर,” ती खाली बघत म्हणाली. “गेल्या आठवड्यापासून तुम्ही फार पकवता.”

‘पकवता’चा अर्थ सरांना कुणी सांगायची गरज पडली नाही. सात सह्या, एक अर्ज आणि भरसभेत अकरा पालकांपुढे खाली घातलेली मान, सगळं एकदमच त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण खालच्या मजल्यावर मुख्याध्यापिकांची खोली होती आणि जायचं तिथेच होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. उठून दार लावून घेतलं.

“तुम्हाला म्हणून सांगते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “महिन्यापूर्वी पोरं म्हणत होती, ‘बाई वाढीव आहेत.’ मी घरी जाऊन वजन केलं. तेव्हापासून रात्रीचं जेवण बंद आहे. त्याचा अर्थ काय होतो हो?”

“चौकशी करून सांगतो,” सर म्हणाले. ‘वाढीव’ म्हणजे उगाच अति करणारी, हे मॉनिटरकडून त्यांना नंतर कळलं, पण बाईंना सांगायचा धीर त्यांना झाला नाही.

अर्ज मात्र परत मिळाला. बुधवारी सर वर्गात शिरले तेव्हा सगळे उभे राहिले आणि कुणीही खाली बसेना. सरांनी खडू उचलला, परत ठेवला.

“तुमचं वाक्य मला कळलं नाही,” ते म्हणाले. “कुणाला तरी विचारायला हवं होतं. तुम्हाला विचारायची लाज वाटली. आणि तुमच्या आई-वडिलांपुढे नको ते बोलून बसलो. मला फार लाज वाटतेय, एवढंच सांगायचं होतं.”

 शेवटच्या बाकावरून एक उंच मुलगी बोलली. भूमितीत ती तीनदा नापास झालेली.

“सर, स्पर्शिका म्हणजे काय ते मी तुम्हाला सहा वेळा विचारलं होतं.”

“सात वेळा,” सर म्हणाले.

“तुम्ही एकदाही हसला नाहीत.”

“नाही हसलो.”

“पण सर, आम्हाला आता राहवत नाहीये,” ती ओठ चावत म्हणाली. “हसू का?”

सरांनी वर्गाकडे बघितलं. चाळीस चेहरे लालबुंद होऊन त्यांच्या परवानगीची वाट बघत होते.

“हसा,” ते म्हणाले.

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले शिक्षक काय झालं ते बघायला दारात आले. सर खाली मान घालून, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन उभे होते, आणि घंटा होईपर्यंत त्यांनी कुणालाही गप्प बसायला सांगितलं नाही.