अक्काच्या ओट्यापर्यंत तार

"आवाज अक्काच्या ओट्यावर पोचला नाही, तर मी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं ते फुकट!"

रघुपती मास्तरांनी हे सकाळी कॉफी पिताना जाहीर केलं. दुपारपर्यंत त्यांना स्वतःच्या जिभेचा राग आला होता.

त्या संध्याकाळी रामनवमीच्या मांडवात त्यांची बायको सकवारबाई पहिल्यांदाच चारचौघांत भजन म्हणणार होती. तिला गाणं शिकवलं थोरल्या बहिणीनं, रत्नाबाईनं. ती साऱ्या गल्लीची अक्का. आणि नेमकी अक्काच पाय मोडून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ओट्यावर बसलेली! तिचा नवरा हुबळीला, तिच्या आजारी सासऱ्यांच्या उशाशी. सकवारबाईनं साफ सांगितलं, "अक्काला ऐकू जाणार नसेल तर मी तोंड उघडणार नाही."

मास्तरांनी अक्काच्या ओट्यावर कर्णा बांधला. मांडवातल्या आवाज वाढवायच्या मशीनपासून तिथवर दारच्या घंटीची वायर ओढली. सकवारबाई मांडवातून 'हॅलो' म्हणाली. कर्ण्यातून बाटलीत कोंडलेल्या डासाचा आवाज आला!

"मास्तर, कर्णा उपाशी आहे?" शेजारच्या छोट्या राजलक्ष्मीनं विचारलं.

मास्तरांचे गुडघे ठणकत होते. पण मुलानं विचारावं आणि मास्तरांनी टाळावं, असं कधी झालं नव्हतं. ते पायरीवर टेकले.

"उपाशीच, बाळ. सुईएवढ्या नळीतून पानक प्यायलीस तर तोंडात किती येईल? तार बारीक, वाट लांब. निम्मी शक्ती वाटेतच जिरते. जाड तार हवी."

"एवढंच ना, दाजी? आत्ता आणतो!" म्हणत मेहुणा पिराजी सुटला. पिराजीला कामाची फार हौस. काम कोणतं, हे तो नंतर बघे.

थोड्या वेळानं तो मास्तरांच्याच अंगणातली कपडे वाळत घालायची तार कापून घेऊन आला. तिला चिमटेसुद्धा होते!

"अरे, ही लोखंडाची! हिच्यातून वीज अडखळत जाते. तांब्याची हवी, वर रबर असलेली. जायला एक, यायला एक, अशी जोडी."

"आणि आत एकच जाड काडी?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"काडी दोनचारदा वाकवली की मोडते. म्हणून पुष्कळ बारीक तारांना पीळ घालतात. वाकते, पण तुटत नाही. आवाजाला मात्र एकूण तांबं किती, तेवढंच कळतं."

"सरी, दाजी! सगळं समजलं!" असा कानडी होकार देत पिराजी चिकपेटच्या बाजारात धावला.

मांडव भरला. सकवारबाई तंबोरा लावून बसली. पिराजीचा पत्ता नाही! आणि एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी, अक्काच्या ओट्यासमोर, पिराजीचा आवाज घुमला. त्याला कर्ण्याची गरजच नव्हती.

"तार आली! तार आली हो!"

अक्काच्या डोळ्यांपुढे हुबळीहून आलेली पोस्टाची तार उभी राहिली. "मामंजी गेले!" म्हणून तिनं हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. मांडव रिकामा झाला. लोक हातातली प्रसादाची कोसंबरी तशीच घेऊन अक्काच्या दारात!

"अक्का, कोण गेलं?" पिराजीनं घाबरून विचारलं.

"मेल्या, तूच तर तार आणलीस!"

"ही?" पिराजीनं वायरचं भेंडोळं पुढं केलं.

मास्तर धापा टाकत पोचले, तेव्हा गल्ली हसत होती आणि अक्का पिराजीला काठी फेकून मारत होती. आता पुन्हा मांडवाकडे जायला कोणीच तयार होईना. सकवारबाई तंबोरा घेऊन अक्काच्या पायाशी बसली आणि तिथंच गायली. अक्का डोळे मिटून ताल धरत राहिली.

"गायलीस गं बाई, सुरात गायलीस," ती शेवटी म्हणाली. मग डोळे पुसून तिनं मास्तरांकडे पाहिलं. "काय मास्तर, एवढं शिकलात, हे आधी नाही सुचलं?"

मास्तरांनी कर्णा सोडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मी अंगणात आली. जुन्या तारेच्या जागी नवी वायर बांधलेली होती आणि मास्तरांचं ओलं धोतर थेट मातीत टेकलं होतं.

"मास्तर, ही तार लोंबते!"

"तांबं मऊ असतं, बाळ. त्यात बारीक तारांचा पीळ. वाकते, पण तुटत नाही."

"मग ही चांगली की वाईट?"

"कर्ण्याला फार चांगली," धोतराची माती झटकत मास्तर म्हणाले.