मोटारीची खांदशेकणी

आमच्या गावात मोटारीची स्प्रिंग स्वतःच्या हातानं बदलणारा पहिला माणूस मी, खुशालराव! हे आधी ध्यानात ठेवा, मग पुढचं ऐका. गावातले लोक लेकाचे पुढचंच सांगतात अन् हे गिळून बसतात.

मोटार अकोल्याच्या एका साहेबाची. साहेब विलायतेले चालला होता. गाडी छोटी अन् जुनी, पण भोंगा असा की अकोटच्या बाजारात वाट आपसूक मोकळी व्हावी! मी माझी बैलजोडी शेजारच्या शेषरावले विकली अन् मोटार दारात आणली. तेव्हापासून माझी बायको सुभद्रा माझ्याशी कमी अन् रिकाम्या गोठ्याशी जास्त बोलायची.

पोळा जवळ आला अन् शेषरावले कंठ फुटला. पोळ्याच्या रांगेत पाटलाच्या जोडीमागची जागा आमच्या घरची, माझ्या आजोबापासून!

"खुशालराव, यंदा जागा मले सोडा," तो पाटलाच्या ओट्यावर सर्वांसमोर म्हणे. "बिनबैलाचा माणूस तोरणाखाली काय करन?"

"मोटार उभी करीन!"

"तोरण सुटलं का जोडी आपल्या पायानं आपल्या दारी जाते. तुमची मोटार जाईन? ते तं लंगडी हाय!"

लंगडी नव्हती हो! डाव्या बाजूले जराशी झुकली होती, गालात पान धरल्यासारखी. पण महादेवराव पाटलांनी निकाल देऊन टाकला. "रीत साधी हाय. तोरणाखालून निघून जे ज्याच्या दारी जाईन, जागा त्याची. मोटार तं मोटार! नाही गेली तं जागा शेषरावची, कायमची."

"कबूल!" मी म्हटलं. माघार घेणारं आमचं खानदानच नाही.

घरी येऊन चाक काढलं. आत पाहतो तं वेटोळ्याची जाड स्प्रिंग, मधातून मोडलेली! दोन्ही बाजूच्या नव्या आणाले अकोल्याले गेलो. ओमप्रकाश मिस्त्री म्हणे, "भाऊ, स्प्रिंग दाबाचा शिकंजा घेऊन जा, हाताचं काम नाही ते."

"अबे, मारके गोऱ्हे वेसण घालून गरीब केले मी! ही तं तार हाय!"

बैलांचा कासरा रिकामाच लोंबत होता. मी स्प्रिंगेवर गुडघा ठेवला, कासऱ्यानं आवळली, बैल बांधायची पक्की गाठ मारली. पण बैल ओढते अन् स्प्रिंग उसळते, हा फरक मले कोणी सांगितला नव्हता. सट्ट! स्प्रिंग माझ्या कानाजवळून सुटली, कुंपणावरून गेली अन् शेषरावच्या घराचे कवेलू फोडून आत पडली! आतून त्याची बायको जमुना किंचाळली, "अवो धावा! वरणात भूत पडलं!"

शेषराव आला. हातात स्प्रिंग, तिच्यातून वरण ठिबकून राहिलं.

"तुमचा बैल आमच्या घरात चरून राहिला. बांधून ठेवत जा!"

मी स्प्रिंग धुतली अन् पुन्हा भिडलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी सांज व्हायच्या आत दोन्ही बसवल्या. मोटार नवरदेवासारखी ताठ! अन् तेवढ्यात चहूकडच्या गोठ्यांतून हळद-लोण्याचा वास आला. बैलांचे खांदे चोळून शेकायची खांदशेकणी चालली होती. बरोबरच आहे, वर्षभराचं ओझं खांद्यानंच उचललेलं असते. मग मोटारीचं ओझं कोण उचलते? स्प्रिंग! मी हळद-लोणी कालवलं अन् स्प्रिंगेले चोपडलं. चाकामागच्या गोल डब्याचं झाकण उघडंच होतं, त्यातही मूठभर कोंबलं.

"अवो, त्या डब्यात काय असते?" सुभद्रानं विचारलं.

"खांद्याची वाटी असते!" मी ठणकावून सांगितलं अन् मोटारीच्या कानात, म्हणजे भोंग्यात, रीतीप्रमाणे म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याच्या दिवशी मोटारीले झूल घातली, दिव्यांले बेगड चिकटवली अन् निघालो. मारुतीसमोर तोरण, अन् तिथवर सगळा उतार. पुढे पाटलाची जोडी डुलत चाललेली. मी रांगेत थांबाले पाय दाबला. मोटार थांबेना! दोन्ही पायांनी दाबला. तरी नाही! गोल डब्यात ब्रेक असते, हे मले त्या उतारावर समजलं.

"सरका रे! सरका!" मी भोंगा दाबला. बैल उधळले, पोळ्याच्या झडत्या गाणारे पारावर चढले, पाटलाचा फेटा उडाला, अन् तोरण तोडून, आंब्याची पानं गळ्यात घालून मी थेट खालच्या काळ्या वावरात! चिखलात मोटार पोटापर्यंत रुतली.

"जागा माझी!" शेषराव वरून नाचून राहिला.

"तोरणाखालून गेलो का नाही?" मी चिखलातून ओरडलो.

"दारी कुठे गेले?"

पाटलांनी आपला फेटा शोधला, झटकला अन् म्हणाले, "शेषराव, आधी त्याले बाहेर काढ. सणाचा दिवस हाय."

शेषराव हसत हसत आपली जोडी घेऊन आला. म्हणजे माझीच ती! मोटारीले दोर बांधला. त्यातल्या पवळ्या बैलानं वळून माझ्याकडे पाहिलं, नाक फुरफुरलं, अन् असा जोर लावला की मोटार भस्सकन बाहेर! शेषरावच्या हातातला कासरा सुटला अन् जोडी निघाली. तुटक्या तोरणाखालून, मारुतीवरून, शेषरावच्या दारावरून पुढे, अन् मोटारीसकट थेट माझ्या दारात उभी!

दारात सुभद्रा आरती घेऊन होती. तिनं बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली अन् पवळ्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मी मोटारीत चिखल निथळत बसलो होतो, पण माझ्याकडे कोण पाहते!

"बैल माझे हायेत!" शेषराव धापा टाकत आला.

"पण दार खुशालरावचं हाय," पाटील म्हणाले. "रीत म्हणजे रीत."

जागा राहिली! गाव अजून म्हणते, बैलांनी राखली. साफ खोटं! वळणावर मोटार माझ्या दाराकडे कोणी वळवली? स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं?