मुर्मान्स्कचा चंद्रोदय

आपण मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा, आणि तोही रशियाच्या मुर्मान्स्क बंदरातून, असा निश्चय जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गुरुदत्तांनी २००६च्या फेब्रुवारीत मोजे वाळत घालता घालता केला. (मोजे ओलेच राहिले, निश्चय मात्र वाळून कडक झाला.)

पुढे चार महिने घरात दुसरा विषय नव्हता. निमंत्रणपत्र आले, व्हिसावर तेरा ते सोळा जून या तारखा उमटल्या, आणि गुरुदत्तांनी भिंतीवर एक तक्ता डकवला. न्याहारीपासून लोकरी टोप्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीस त्यात रकाना होता. रिकामा राहिला होता एकच : चंद्रोदय. नोकरी कायम व्हावी म्हणून त्यांनी एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलला होता. वीस निर्विघ्न पार पडल्या. एकविसावी नेमकी मुर्मान्स्कच्या मुक्कामात येत होती. चंद्र उगवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा नियम.

"ओवी, इंटरनेटवर वेळ बघ आणि तक्त्यात लिही."

अकरा वर्षांच्या लेकीने पाहिले. "पापा, डेअर गेट गार निश्ट आउफ."

"उगवतच नाही म्हणतेय," नंदिनी शांतपणे म्हणाली.

"उगवत नाही म्हणजे? चंद्र आहे तो, रविवारची बस नव्हे!"

"अहो, रात्रभर सूर्य ठेवून घेतलात. आता चंद्राला जागा कुठे?"

गुरुदत्तांनी तडक पुण्याला फोन लावला. "आई, पुण्याचा चंद्रोदय धरला तर चालेल?"

"उपास रशियात आणि चंद्र पुण्याचा?" आई कडाडल्या. "ढगाआड असला तर वेळ पाहून सोडतात रे. जो उगवायचाच नाही, त्याची वेळ कसली पाहशील? नवस बोलताना गणपतीला हा बेत सांगितला होतास का?"

गुरुदत्त डगमगणाऱ्यांतले नव्हते. नवसही मोडणार नाही आणि बेतही मोडणार नाही, असे त्यांनी छाती पुढे काढून जाहीर केले. झालेही तसेच. मायलेकी मुर्मान्स्कला गेल्या आणि गुरुदत्त एर्लांगेनला राहिले.

संकष्टीला ते रिकाम्या पोटी बाल्कनीत बसून होते. आभाळ गच्च भरले होते. बाराच्या सुमारास फोन वाजला.

"अहो, इथे रात्रीचे दोन वाजलेत आणि बंदरावर लख्ख ऊन पडलंय!" नंदिनी आनंदाने ओरडत होती. "तुमचा चंद्र दिसला का?"

"ढग आहेत."

"मग वेळ पाहून जेवून घ्या. आणि तुमचा तो तक्ता काय चोख हो! कुठे म्हणून काही अडलं नाही. आम्हाला तुमची आठवणसुद्धा आली नाही."