मामे क्वान्सिमांची मुलं

“मामे क्वान्सिमा गेल्या. मुलांची नावं पाच, बाईंचं वय एक्याण्णव, फोटो हा. संध्याकाळपर्यंत फलक छापून तयार पाहिजे,” असं म्हणत मिस्टर एसेलनी एक कागद मांकाच्या पुढ्यात टाकला आणि ते शाईचे डबे आणायला दुसऱ्या गावी निघून गेले. केप कोस्टच्या बाजाराला लागून असलेल्या त्या छापखान्यात अंत्यविधीचे फलक छापले जात, आणि मांकाचा तिथला हा चौथा दिवस होता. पाठीशी कापडानं बांधलेली आठ महिन्यांची लुम गाढ झोपली होती. इतकी गाढ, की मांका दर दोन मिनिटांनी हात मागे नेऊन तिचा श्वास चालू आहे ना, ते बघत होती.

मांका मूळची कॅमेरूनची. शिकायला म्हणून घानात आली आणि रोमन थडग्यांवरच्या लॅटिन लेखांवर डॉक्टरेट घेऊन बसली. थडग्यावरचं कुठलं नाव अस्सल आणि कुठलं कुणी मागाहून घुसडलेलं, हे ती दगडाकडे बघून सांगू शकत असे. पण कॉलेजात हे ऐकायला दोनच विद्यार्थी उरले होते. त्यातल्या एकीचं लग्न झालं आणि दुसऱ्याला अक्कल आली. वर्ग बंद पडला, त्याबरोबर नोकरीही. नवरा फ्रू शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणाला, “आठ वर्षं मेलेल्यांवर लिहिलेलं वाचलंस, आता मेलेल्यांवर लिही. विषय तोच, फक्त मंडळी ताजी!”

त्याला हसायला काय जातंय? मिस्टर एसेलनी तिला दोन आठवडे बघून मगच ठेवायचं कबूल केलं होतं. पाठीवर पोर घेऊन कामाला या म्हणणारा दुसरा मालक गावात नव्हता. हे काम गेलं, तर लुमला घेऊन कॅमेरूनला आईकडे जायचं आणि फ्रूनं इथे एकट्यानं राहायचं, असं ठरलं होतं. तेव्हा चूक होऊन चालणार नव्हती. आणि चूक कशी टाळायची, हे मांकाला पक्कं ठाऊक होतं. एकाच कागदावर कधी विसंबायचं नाही. तिनं यादीतल्या पहिल्या मुलाला, एबोला, फोन लावला.

“मामे क्वान्सिमा तुमच्या आई ना?”

“मग काय तुमच्या?”

“तसं नाही हो, खात्री करून घेतेय. म्हणजे सख्ख्या?”

“सख्ख्या म्हणजे काय? तिच्याकडे जेवलो, तिच्याकडे झोपलो, तिचाच मार खाल्ला! बरं, फिफीचं नाव घातलंय ना?”

“फिफी? यादीत फिफी नाही.”

“फिफी नाही? मग माझंही काढा. मी येतच नाही!”

मांकानं एबोकडूनच नंबर घेऊन फिफीला फोन लावला. तो बस चालवत होता. भोंग्यावर आवाज चढवून ओरडला, “सहा वर्षांचा असताना तिनं मला गाडीतळावरून उचलून घरी नेलं, मॅडम! एक बाळंतपण सोडलं तर माझं सगळं तिनंच केलंय. आणि त्या जुळ्यांना विसरू नका हं!”

मांकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मूळ यादी कुणीतरी छाटलेली दिसत होती. मग तिनं शास्त्राला धरून नियम केला: ज्याला दोन भावंडं आपापली ओळखतील, ते मूल खरं. नियम उत्तम होता. त्यात खोट एवढीच, की प्रत्येक साक्षीदार जाता जाता आणखी दोन भावंडं देऊन जाई. मारुतीच्या शेपटासारखी यादी वाढत चालली. तीन वाजता मुलं सतरा झाली, पाच वाजता एकतीस.

मिस्टर एसेल परतले तेव्हा फलक यंत्रातून निघून, टेबलावरून उतरून, उंबरठा ओलांडून गेला होता आणि त्याच्या टोकावर एक शेळी बसली होती.

“हे काय? मतदारयादी?”

“मुलं आहेत, सर. त्रेचाळीस. प्रत्येकाला दोन साक्षीदार आहेत.”

“अगं बाई, मी पाच सांगितली होती, पाच!”

“पाच अपुरी होती, सर.”

तेवढ्यात फलक न्यायला खुद्द पापा अमिसाच आले. हे मामेंचे धाकटे भाऊ आणि घराण्याचे प्रमुख. सोबत मामेंची थोरली लेक आंटी एक्वा. पापांनी वाचायला सुरुवात केली आणि दहाव्या नावापर्यंत त्यांच्या मानेच्या शिरा टम्म फुगल्या.

“माझ्या बहिणीला पाच मुलं! ही जत्रा कुठली?”

आंटी एक्वा खालून वाचत होत्या. त्या किंचाळल्या, “आणि ही अडोमा? ही तर माझी मुलगी!”

“ती म्हणाली, मला आजीनंच वाढवलं,” मांका चाचरत म्हणाली.

“ते खरंय म्हणा. मी दिवसभर बाजारात असायची. पण म्हणून माझी पोर माझी बहीण? उद्या मला ताई म्हणेल ती!”

“दुसरा छापा. आत्ताच्या आत्ता!” पापा गरजले. आणि नेमकी वीज गेली. ती सकाळपर्यंत येत नसते, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि अंत्यविधी सकाळीच होता. शेवटी बाजारातल्या चौघांनी तोच फलक खांद्यावर घेतला आणि अजगर न्यावा तसा नेला. मिस्टर एसेल मांकाकडे न बघता म्हणाले, “सोमवारी येऊन तुझं सामान घेऊन जा.”

रविवारी मांकानं लुमची झबली पेटीत भरली. फ्रूनं विनोद केला नाही, त्यावरूनच काय ते कळत होतं.

सोमवारी ती छापखान्यात शिरते न शिरते, तोच बाहेर पापा अमिसांचा आवाज. मांका कागदाच्या गुंडाळ्यांमागे लपली.

“एसेल! आठला सुरू झालेली प्रार्थना दोनला संपली! एकेक मूल उठतंय आणि आईबद्दल बोलतंय. पाद्रीबुवा मध्ये जेवून आले! खुर्च्या तीन गल्ल्यांतून आणाव्या लागल्या. बँडवाल्यांचे ओठ सुजले!”

“चुकलं, पापा,” मिस्टर एसेल हात जोडून म्हणाले. “त्या बाईला मी आजपासून...”

“असा अंत्यविधी या गावानं पाहिला नव्हता!” पापांचा आवाज अचानक कापरा झाला. “त्रेचाळीस, एसेल! मी तिचा भाऊ, आणि मला पाचच माहीत होती.” त्यांनी खांद्यावरच्या कापडानं डोळे टिपले.

“...आजपासून मी कायम करून टाकलंय,” मिस्टर एसेलनी वाक्य पुरं केलं.

पापांच्या मागून एक काळ्या कापडातला गृहस्थ पुढे आला. “आमचे थोरले काका गेले हो. मुलं चारच. पापांच्या घरचा एवढा सोहळा झाल्यावर आता गावात तोंड कसं दाखवायचं? आम्हाला त्रेचाळीस नकोत. तीसेक झाली तरी भागेल. त्या मुलं करून देणाऱ्या बाई कुठे आहेत?”

मांका गुंडाळ्यांमागून बाहेर आली. लुम जागी होऊन तिचे केस ओढत होती. “मी मुलं करून देत नाही,” ती ताठ मानेनं म्हणाली. “मी शोधते. आणि प्रत्येकाला दोन साक्षीदार लागतील.”

“त्याची काळजी नको, मॅडम,” गृहस्थानं रस्त्याकडे बोट दाखवलं. “बाहेर ट्रकमध्ये साठ बसवून आणलेत. एकदम पाठवू, की दोन-दोन?”